ना खोली, ना विमान: ऑनलाइन ट्रॅव्हल कंपन्यांतल्या नोकऱ्या जातात कुठे?

बुकिंग होल्डिंग्ज ही ऑनलाइन प्रवास-विक्रीतली एक बलाढ्य कंपनी. बुकिंग डॉट कॉम, अगोडा, प्राइसलाइन, कायाक ही सगळी तिचीच लेकरे. २०१९ साली या कंपनीत सुमारे २६,४०० माणसे होती आणि वर्षाचा महसूल होता साधारण १५ अब्ज डॉलर. २०२४ साली महसूल २३.७ अब्जांवर गेला. आणि माणसे? सुमारे २४,३००. धंदा दीडपटीहून वाढला, माणसे दोन हजारांनी घटली.

असा आकडा दिसला की दोन मते लगेच तयार होतात. एक, यंत्राने माणसे खाल्ली. दोन, कंपन्या लबाड आहेत. दोन्हींत थोडेफार तथ्य आहे, पण मधला मोठा भाग दोघेही सोडून देतात. गेलेल्या नोकऱ्यांतले बरेच काम आजही हाडामासाची माणसेच करतात. फरक इतकाच, की ती माणसे त्या शहरात नाहीत, किंवा त्या कंपनीच्या पगारपत्रकावर नाहीत. म्हणून 'किती जण गेले' या प्रश्नाला जोडून 'काम कुठे गेले' हेही विचारावे लागते. बातम्यांत पहिल्या प्रश्नाचे उत्तर मथळ्यात मिळते. दुसऱ्याचे बहुतेक वेळा मिळतच नाही.

शंभर डॉलरच्या खोलीचा हिशेब

या कंपन्यांना धंद्यातली माणसे 'ओटीए' म्हणतात, म्हणजे ऑनलाइन ट्रॅव्हल एजन्सी. ओटीएची स्वतःची खोली नसते, विमान नसते, गाडी नसते. तिच्याकडे असते एक भली मोठी यादी, शोधायची सोय आणि पैसे घ्यायची सोय. समजा तुम्ही तिच्याकडून शंभर डॉलरची खोली घेतलीत. हॉटेल त्यातले पंधराएक डॉलर, कधी त्याहून जास्त, कमिशन म्हणून ओटीएला देते. विमानाच्या तिकिटावर एवढे सुटत नाही. अमेरिकेत डेल्टाने १९९५ मध्ये एजंटांच्या कमिशनवर ५० डॉलरची कमाल मर्यादा घातली आणि २००२ मध्ये मूळ कमिशनच बंद केले; बाकीच्या विमान कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. त्यामुळे ओटीएचे खरे पोट हॉटेलांवर भरते. विमानाचे तिकीट हे बरेचदा गिऱ्हाईक दुकानात शिरावे म्हणून असते.

आता हे पंधरा डॉलर कुठे जातात ते पाहू. तुम्ही त्या साइटवर पोहोचलात कसे? बहुधा गूगलवर शहराचे नाव आणि पुढे 'हॉटेल' असे टाइप केलेत आणि वर दिसलेल्या जाहिरातीवर बोट टेकवलेत. त्या एका टिचकीचे पैसे ओटीएने गूगलला मोजले. तुम्ही खोली न घेता निघून गेला असतात तरी ते मोजावेच लागले असते. २०२४ मध्ये बुकिंग होल्डिंग्जचा मार्केटिंगवरचा खर्च ७.३ अब्ज डॉलरच्या आसपास होता, म्हणजे महसुलाच्या तीस टक्क्यांच्या वर. प्रतिस्पर्धी ओटीए एक्सपीडियाचे गणित याहून जड. २०१९ मध्ये तिचा महसूल १२ अब्ज डॉलर आणि विक्री-मार्केटिंगचा खर्च सहा अब्जांच्या घरात. आलेल्या दर दोन डॉलरमधला एक डॉलर गिऱ्हाईक दारात आणण्यातच संपत होता.

हा खर्च कमी करावा म्हटले तर करता येत नाही, असे नाही. पण जाहिरातीची ती जागा लिलावाने विकली जाते. तुम्ही बोली खाली आणली की शेजारी तयारच असतो. आज बोली कमी केली तर उद्या बुकिंग कमी झालेले दिसते, ताबडतोब. उलट, तीनशे माणसे कमी केली तर पुढच्या आठवड्यात बुकिंगच्या आकड्यात काहीच हलत नाही. नुकसान होतच नाही असे नव्हे. ते उशिरा होते आणि कुठल्या निर्णयामुळे झाले हे दाखवणे अवघड असते. माझ्या मते या उद्योगातल्या कपातीचे मूळ इथे आहे. दोन मोठे खर्च, त्यातला एक दुसऱ्याच्या हातात, म्हणून कात्री फिरते ती आपल्या हातातल्या खर्चावर.

तारखा जरा नीट पाहू

करोनाने या धंद्यातल्या नोकऱ्या घालवल्या, हे इतक्या वेळा लिहिले गेले आहे की आता ते खरेच वाटते. खोटे नाही ते. पण एक्सपीडियाचा २०१९-२० चा क्रम बघा.

७ नोव्हेंबर २०१९ रोजी एक्सपीडियाचा शेअर एका दिवसात चौथ्या हिश्श्याहून अधिक घसरला. प्रवाशांचे अभिप्राय छापणारी साइट ट्रिपअ‍ॅडव्हायजरही त्याच दिवशी वीस टक्क्यांहून जास्त पडला. दोघांचे कारण एकच: गूगलच्या शोधनिकालांत फुकट मिळणारी जागा खाली सरकली, वरची जागा जाहिरातींनी आणि गूगलच्या स्वतःच्या हॉटेल-शोधाने घेतली, त्यामुळे तेच गिऱ्हाईक आता पैसे मोजून आणावे लागत होते. डिसेंबरमध्ये एक्सपीडियाचे मुख्याधिकारी आणि वित्तप्रमुख दोघेही एकाच दिवशी गेले. संचालक मंडळाचे अध्यक्ष बॅरी डिलर यांनी सूत्रे हातात घेतली आणि फेब्रुवारीत गुंतवणूकदारांसमोर, कंपनी फुगली आहे, अनेकांना दिवसभरात नेमके काय करायचे तेच ठाऊक नसते, अशा अर्थाचे बोल सुनावले. त्याच महिन्याच्या शेवटी सुमारे ३,००० जणांची, म्हणजे जवळजवळ बारा टक्के माणसांची कपात जाहीर झाली. तोवर युरोप-अमेरिकेतल्या देशव्यापी टाळेबंद्या सुरूही झाल्या नव्हत्या.

फुगली होती हे एका अर्थी खरेच. एक्सपीडियाने २०१४-१५ मध्ये खरेदीचा सपाटा लावला होता: ऑस्ट्रेलियातली वोटिफ, मग ट्रॅव्हलोसिटी, ऑर्बिट्झ, सुट्टीतली घरे भाड्याने देणारी होमअवे. प्रत्येक कंपनी आपापले इंजिनिअर, आपापला हिशेब विभाग, आपापले कॉल सेंटर घेऊन आली. गिऱ्हाइकाला वेगवेगळ्या दिसणाऱ्या साइटच्या मागे एकच यादी आणि पैसे घेण्याची एकच यंत्रणा असू शकते, आणि शेवटी एक्सपीडियाने तेच केले. सगळे ब्रँड हळूहळू एका तांत्रिक पायावर आणले. हे काम पुरे होत आले तेव्हा, फेब्रुवारी २०२४ मध्ये, सुमारे १,५०० नोकऱ्या कमी होणार असल्याचे तिने सांगितले. जुनी यंत्रणा बंद करण्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे राबून सगळे नव्या जागी हलवले, त्यांतल्या काहींचे काम ते हलवून झाल्याबरोबर संपले. विलीनीकरणाच्या प्रकल्पावर नेमणूक झाली की जुने लोक एकमेकांकडे बघतात ते यासाठी.

मग करोना आला, आणि त्याने जे केले ते वेगळ्याच कारणाने भयंकर होते. ते कळायला पैसे घेण्याच्या दोन पद्धती माहीत हव्यात. पहिलीत तुम्ही हॉटेलात पोहोचल्यावर हॉटेललाच पैसे देता आणि ओटीए नंतर हॉटेलकडे कमिशनचे बिल पाठवते. बुकिंग डॉट कॉम याच पद्धतीवर मोठी झाली. दुसरीत ओटीए तुमच्याकडून आधीच सगळे पैसे घेते आणि मुक्काम झाल्यावर आपला वाटा ठेवून बाकीचे हॉटेलला देते. या दुसऱ्या पद्धतीत ओटीएकडे कायम कुणाचे ना कुणाचे पैसे पडून असतात. चांगल्या दिवसांत हे बिनव्याजी भांडवल. पण सगळे जग एका महिन्यात 'माझे पैसे परत द्या' म्हणाले, तेव्हा ती विहीर उलटी वाहू लागली: नवे बुकिंग नाही आणि जुन्याचा परतावा रोज द्यायचा. फोनवर माणसे लागत होती पूर्वीच्या कित्येक पट, आणि तिजोरीत पैसा येत नव्हता.

त्या वर्षीचे आकडे एकामागोमाग ठेवले की अंदाज येतो. एप्रिल २०२० मध्ये ट्रिपअ‍ॅडव्हायजरने ९०० हून अधिक जणांना कमी केले. मे महिन्यात लोकांची घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने ७,५०० पैकी १,९०० जणांना, अगोडाने सुमारे १,५०० जणांना. जूनमध्ये मेकमायट्रिपने ३५०. जुलैत तिकिटांचे भाव शोधून देणाऱ्या स्कायस्कॅनरने सुमारे ३००. ऑगस्टमध्ये बुकिंग डॉट कॉमने १७,५०० पैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत माणसे कमी करावी लागतील असे सांगितले. वर्ष संपले तेव्हा बुकिंग होल्डिंग्जचा महसूल १५ अब्जांवरून ६.८ अब्जांवर आला होता, एक्सपीडियाचा १२ वरून ५.२ वर.

यातल्या एअरबीएनबीची कपात आजही लोक उदाहरण म्हणून सांगतात. अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांना चौदा आठवड्यांचा मूळ पगार, शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे एक आठवडा, वर्षभराचा आरोग्य विमा, आणि लॅपटॉप परत करायचा नाही, कारण नवी नोकरी शोधायला तो लागतो. कपात ती कपातच, पण लॅपटॉपची गोष्ट ज्याने कुणाने सुचवली त्याला बेकारीचा पहिला दिवस कसा असतो ते माहीत होते.

उलट टोकाचेही उदाहरण आहे. अ‍ॅम्स्टरडॅमला मुख्यालय असलेल्या बुकिंग डॉट कॉमने नेदरलँड्स सरकारकडून पगारासाठी कोट्यवधींचे अनुदान घेतले, माणसेही कमी केली, आणि २०२१ मध्ये तीन बड्या अधिकाऱ्यांना मिळून कोट्यवधींचे भत्ते-शेअर दिल्याचे उघड झाले. डच लोक खवळले. कंपनीने मग अनुदानाचे साडेसहा कोटी युरो परत करायचे ठरवले. ज्यांच्या पगारासाठी ते पैसे होते त्यांतले अनेक जण तोवर कंपनीत नव्हते.

रात्री साडेअकराचा फोन

काम कुठे जाते हे पाहायचे तर कॉल सेंटरात बसावे लागेल. ओटीएत इंजिनिअर असतात, हॉटेलांशी बोलणी करणारे असतात, जाहिरातीच्या बोल्या सांभाळणारे असतात. पण कपातीच्या आणि स्थलांतराच्या बातमीत सगळ्यात आधी येतो तो ग्राहकसेवा विभाग.

रात्रीचे साडेअकरा. एक बाई दोन मुलांना घेऊन हॉटेलच्या काउंटरवर उभी आहे. तिच्या मोबाइलवर बुकिंगचा पक्का क्रमांक आहे आणि काउंटरवरचा मनुष्य म्हणतो आहे, खोली नाही. ती फोन लावते. फोन उचलणाऱ्या एजंटच्या पडद्यावर तीन खिडक्या उघड्या असतात: एकीत बुकिंगची नोंद, दुसरीत हॉटेलचा फोन, तिसरीत नियम. डाव्या कोपऱ्यात सेकंद धावत असतात, कारण प्रत्येक फोनला सरासरी किती वेळ लागला हे मोजले जाते. जुना मुरलेला एजंट बाईला होल्डवर टाकून आधी हॉटेलला फोन करतो. त्याला आवाजावरून कळते, की काउंटरवाल्याने खोली दुसऱ्याला जास्त भावात दिली आहे की खरोखरच नोंद पोहोचलेली नाही. पहिले असेल तर तो हॉटेलनेच दुसरीकडे सोय करावी म्हणून अडून बसतो. दुसरे असेल तर स्वतःच्या अधिकारात जवळची दुसरी खोली घेतो आणि वरचे पैसे कंपनीच्या खात्यावर टाकतो. किती रकमेपर्यंत टाकायचे, हे तिसऱ्या खिडकीत लिहिलेले असते. कधी त्या मर्यादेच्या थोडे वर जायचे आणि नंतर साहेबांना कसे पटवायचे, हे कुठेही लिहिलेले नसते.

हा न लिहिलेला भाग दुसऱ्या शहरात हलवणे हेच खरे अवघड काम. त्याला आत 'केटी' म्हणतात, नॉलेज ट्रान्सफर. नव्या केंद्रातली माणसे आधी काही आठवडे नुसती हेडफोन लावून जुन्यांचे फोन ऐकतात. मग उलटे होते: नवे बोलतात, जुने ऐकतात आणि चुका टिपतात. जुन्याला आपली शेवटची तारीख माहीत असते. तो थांबतो कारण शेवटच्या दिवसापर्यंत थांबणाऱ्यालाच अमुक महिन्यांची रक्कम मिळेल असे पत्रात लिहिलेले असते. ज्याच्यामुळे आपली खुर्ची जाणार त्यालाच खुर्चीत कसे बसायचे ते शिकवणे, हा अनुभव घेतलेल्या माणसाला 'ट्रान्झिशन' हा या हस्तांतराचा कंपनीतला शब्द पुन्हा गोड वाटत नाही.

या प्रवासाचे जुने उदाहरण अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातले. क्लिंटवुड हे कोळसा-पट्ट्यातले छोटे गाव. खाणींतली कामे आटत चाललेली. तिथे ट्रॅव्हलोसिटीने कॉल सेंटर काढले, तेव्हा गावाला मोठा आधार वाटला. २००४ च्या सुरुवातीला कंपनीने सांगितले, की वर्षअखेर हे केंद्र बंद होणार आणि काम भारतात जाणार. क्लिंटवुडच्या बाजूने पाहिले तर नोकऱ्या गेल्या. दुसऱ्या बाजूने पाहिले तर नोकऱ्या आल्या. दोन्ही बातम्या खऱ्या, फक्त त्या एकाच वर्तमानपत्रात कधी छापल्या गेल्या नाहीत.

पण काम हलवायला दर वेळी शहर बदलावे लागत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत बुकिंग डॉट कॉमने ठरवले, की आपल्या १४ ग्राहकसेवा केंद्रांपैकी १२ मेजोरेल या लक्झेंबर्गच्या कंपनीकडे सोपवायची. सुमारे २,७०० माणसे त्यांच्या कामासकट मेजोरेलकडे गेली. काम बुकिंगच्याच गिऱ्हाइकांचे, पण पगाराच्या चिठ्ठीवरचे नाव बदलले. नोकरी गेली का? नाही. कपात झाली का? कंपनीच्या कर्मचारी-संख्येत माणसे कमी दिसली, तेवढ्यापुरती झाली. सुरुवातीला दिलेला २४,३०० चा आकडा वाचताना हे २,७०० जण लक्षात ठेवायला हवेत.

असे का करतात, याचे एक उत्तर स्वस्त पडते म्हणून, हे आहेच. दुसरे उत्तर प्रवासाच्या ऋतूंत आहे. या धंद्यात उन्हाळ्याच्या आणि डिसेंबरच्या सुट्ट्यांत फोन दुपटीने येतात आणि नोव्हेंबरात रांगच नसते. स्वतःची माणसे ठेवली तर एक तर ऐन गर्दीत कमी पडतात किंवा मंदीत बसून राहतात. अनेक कंपन्यांचे फोन घेणारा कंत्राटदार मात्र एकाच इमारतीत आज हॉटेलचे, उद्या इन्शुरन्सचे काम फिरवू शकतो. ओटीए त्याला माणसांमागे नव्हे, फोनमागे किंवा मिनिटामागे पैसे देते. मंदीची जोखीम अशी एका कंपनीकडून दुसरीकडे आणि तिथून शिफ्टवर येणाऱ्या माणसाकडे सरकते. हे कागदावर इतके नीटनेटके दिसते, की कुठल्याही वित्तप्रमुखाला त्याचा मोह व्हावा. त्या बाईच्या साडेअकराच्या फोनचे काय होते, हे मात्र त्या कागदावर नसते. नव्या एजंटला मर्यादेपलीकडचा अधिकार नसतो. तो 'मॅडम, मी वर कळवतो' म्हणतो आणि ती काउंटरवर उभीच राहते.

तळ्याच्या पलीकडचे ऑफिस

कचेरीच हलते तेव्हा गोष्ट जरा वेगळी. एक्सपीडियाचे मुख्यालय अमेरिकेतल्या सिएटलशेजारच्या बेलव्ह्यूला होते. २०१५ मध्ये तिने सिएटलच्या किनाऱ्यावरचा अ‍ॅम्जेन या औषध कंपनीचा परिसर साधारण २३ कोटी डॉलरला घेतला आणि २०१९ च्या शरदात तिथे राहायला गेली. नकाशावर दोन्ही गावे शेजारी. मध्ये फक्त लेक वॉशिंग्टन नावाचे तळे. पण ज्याचे घर, मुलांची शाळा तळ्याच्या पूर्वेला आहे, त्याच्यासाठी रोज पूल ओलांडणे म्हणजे दिवसाचा मोठा तुकडा रस्त्यावर. इतक्या जवळच्या स्थलांतरातही काही जण दुसरी नोकरी शोधतात. दूरच्या स्थलांतरात तर कंपनी हे गृहीतच धरते. 'तुमची जागा अमुक शहरात हलते आहे, यायचे की नाही ते कळवा' या पत्राला बरेच जण नाही म्हणणार, हे पत्र लिहिणाऱ्याला माहीत असते. कपात न म्हणता झालेली ही कपातच.

सगळे स्थलांतर स्वस्ताईसाठी नसते, हेही सांगितले पाहिजे. ओटीए आता हॉटेलसाठी पैसे स्वतः गोळा करण्याकडे, म्हणजे वर सांगितलेल्या दुसऱ्या पद्धतीकडे वळत आहेत, बुकिंगसुद्धा. त्यासाठी लागतात कार्ड-घोटाळे पकडणारे, चलनबदल सांभाळणारे, देशोदेशीचे कर समजणारे लोक. अशी माणसे जिथे मुबलक तिथे केंद्रे उभी राहतात. बुकिंगने बुखारेस्ट आणि बंगळुरूमध्ये अशी केंद्रे काढली. दुसरीकडे, गावोगाव फिरून हॉटेले जोडणाऱ्यांची गरज घटली, कारण हॉटेलवाला आता स्वतःच लॉग-इन करून खोल्या आणि भाव टाकतो. म्हणजे एकाच वर्षी एकाच कंपनीत 'कपात' आणि 'भरती' दोन्ही खरे असू शकते. फक्त कपात झालेला माणूस आणि भरती झालेला माणूस वेगळा असतो, बहुधा देशही वेगळा.

कायदा इथे कुणाला किती धरून ठेवतो? अमेरिकेत १९८८ चा 'वॉर्न' कायदा आहे: शंभर किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीला मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची सूचना द्यावी लागते. रोखता येत नाही, फक्त आधी सांगावे लागते. युरोपीय संघात सामूहिक कपातीआधी कामगारांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत करणे बंधनकारक आहे. आणि मेजोरेलसारख्या व्यवहारांत उपयोगी पडणारा २००१ चा वेगळा निर्देश आहे: धंद्याचा भाग दुसऱ्या मालकाकडे गेला तर माणसे आपल्या कराराच्या अटींसकट तिकडे जातात. पगार एका रात्रीत कमी करता येत नाही. मात्र पुढच्या वर्षांत नवा मालक काय करेल यावर तो निर्देश कायमचा पहारा देत नाही.

आणि कागदावर सही करताना काय होऊ शकते, याचा नमुना सिंगापूरला २०२५ मध्ये दिसला. अगोडाने तिथल्या ग्राहकसेवेतल्या पन्नासेक जणांना कमी केले, कारण तेच: काम दुसऱ्या केंद्रांत एकत्र करायचे. भरपाईच्या करारात मात्र एक कलम होते, की कर्मचाऱ्याने याबद्दल सरकारी खात्याकडे किंवा कामगार संघटनेकडे तक्रार करायची नाही. केली तर भरपाईवर पाणी. ही गोष्ट बाहेर आली. मनुष्यबळ मंत्र्यांनी हे चालणार नाही असे जाहीरपणे सांगितले आणि कंपनीने माफी मागितली. पन्नास हा आकडा या उद्योगात किरकोळ. पण भरपाईचा कागद हातात पडतो तेव्हा माणूस रकमेच्या ओळीवर थांबतो आणि पुढची पाने तशीच उलटतो. या प्रकरणात ज्यांनी ती वाचली त्यांच्यामुळे बाकीच्यांना कळले.

यंत्राचा मुद्दा आता. तारीख बदलायची आहे, पावती हवी आहे, पैसे कधी परत येतील, असे साधे प्रश्न बॉट आज बऱ्यापैकी सोडवतो, आणि ओटीएकडे येणाऱ्या प्रश्नांत असे प्रश्न खूप असतात. म्हणजे पहिला घाव ओटीएच्या स्वतःच्या माणसांवर नव्हे, ज्यांच्याकडे हे साधे फोन आधीच सोपवले आहेत त्या कंत्राटदारांवर. बुकिंगच्या २,७०० माणसांचे पुढे काय झाले ते बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये मेजोरेलच फ्रान्सच्या टेलिपरफॉर्मन्सने विकत घेतली. दोन वर्षांत पगाराच्या चिठ्ठीवरचे तिसरे नाव. आणि तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी, क्लार्ना या स्वीडिश वित्तकंपनीने जाहीर केले, की तिचा एआय सहायक ७०० पूर्णवेळ एजंटांचे काम करतो. क्लार्ना ही प्रवास विकणारी कंपनी नव्हे. तरी त्या घोषणेनंतर टेलिपरफॉर्मन्सचा शेअर एका दिवसात धाडकन कोसळला.

पुढच्या वर्षी, मे २०२५ मध्ये, त्याच क्लार्नाच्या प्रमुखांनी कबूल केले, की खर्चाकडे फार पाहिल्याने सेवेचा दर्जा घसरला. गिऱ्हाइकाला हवे तेव्हा माणूस मिळालाच पाहिजे, म्हणून पुन्हा माणसे घेतो आहोत. घेतली ती मात्र ऑफिसात बसणारी नव्हेत. घरून, आपल्या सोयीच्या तासांना, उबरची गाडी चालवावी तसे लॉग-इन करून फोन घेणारी.